फरशीवर निजणारा गादीवाला

देवू गादीवाल्याला मी खाली घेतलं म्हणून तो गेला, असं बोईसरच्या आमच्या गल्लीत अजून काही जण म्हणतात. आमच्याकडे माणूस अगदी शेवटाला आला की त्याला गादीवरून उचलून जमिनीवर घेतात. पण त्याच्या आधी, जीव धड असताना, कुणाला खाली घ्यायचं नसतं. तसं करणं म्हणजे यमाला हाक मारणं. मी ते केलं. भर दुपारी, त्याची सख्खी बहीण नको नको म्हणत असताना केलं. का केलं हे मला कुणी विचारलं नाही, नुसतं आपसात बोलत राहिले. म्हणून सांगते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला कुत्री आवडत नाहीत. पिठाची गिरण चालवणाऱ्या बाईला ती आवडून चालतही नाहीत. नवरा गेल्यावर गिरण मी हातात घेतली तेव्हा गिऱ्हाइकं म्हणाली, माईंना जमेल का? जमलं. कारण दारात कुत्रं, मांजर आणि रिकामटेकडा माणूस यांना मी कधी थारा दिला नाही.

देवूचं दुकान माझ्या गिरणीला लागून. तो दातिवऱ्याचा. कोळ्याचं पोर, आणि होडीत पाय ठेवला की ओकायचा. बाप आधी हसला, मग ओरडला, शेवटी त्यानं नाद सोडला. दर्या न सोसणाऱ्या पोराला पोरगी कोण देणार? तेव्हा बोईसरला कारखाने नुकते उभे राहत होते. कुठून कुठून माणसं येत होती, एकेका खोलीत दाटीवाटीनं राहत होती आणि सगळ्यांना पाठीखाली काहीतरी हवं होतं. एका म्हाताऱ्या पिंजाऱ्याच्या हाताखाली देवू कापूस पिंजायला, गादी भरायला शिकला. म्हातारा आपल्या गावी परत गेल्यावर दुकान देवूनंच चालवलं, आणि मागच्या बाजूला तिथंच राहिला. पलीकडे त्याच्या पिंजणाची, कापूस पिंजायच्या धनुकलीची, तात टणण्ण-टणण्ण वाजायची, अलीकडे माझ्या गिरणीचा पट्टा फडफडायचा. संध्याकाळी दोघंही पांढरेफटक, मी पिठानं आणि तो कापसानं. आमचं भांडण रोज व्हायचं, बहुतेक वेळा त्याच्या धुळीवरून. त्याचा खोकलाही भिंतीतून ऐकू यायचा. मी ओरडायची, "देवू, अरे नाकाला फडकं बांध." तो म्हणायचा, "बांदतो माई," आणि बांधायचा नाही.

सावरी त्याच्याकडे आली ती पोत्यातून. मनोरकडची नवसी नावाची बाई उन्हाळ्यात सावरीच्या झाडाचा कापूस घेऊन यायची, उशांत भरायला. एकदा तिनं पोतं सोडलं तर आत कुत्रीचं एक पांढरं पिल्लू. ट्रकमध्ये कुणाच्या पायात आलं, पोत्यात कसं शिरलं, तिलाही ठाऊक नाही. "माजा नाय, मंग तुजाच," असं म्हणून ती पोतं रिकामं करून निघून गेली. देवूनं पिल्लाचं नाव सावरी ठेवलं. कापसात बसली की नुसते दोन डोळे आणि नाक दिसायचं.

दिवसभरात देवू माझ्याशी जेवढं बोलायचा तेवढं भांडणाचंच. सावरीशी मात्र त्याची अखंड बडबड. "ह्या मास्तराची गादी बग सावरी, मदोमद खड्डा. मास्तर हाय का म्हैस?" मी भिंतीआडून ऐकायची आणि हसू दाबायची. चाळिशी ओलांडलेला माणूस, त्याला घरात बोलायला कुणी मिळालं होतं. मला बरं वाटायचं, खोटं का बोलू.

ती मोठी झाली आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अंग खाजवायला लागली. आधी पुढचे पंजे चाटायची. चाटून चाटून पांढऱ्या केसांवर तांबूस डाग पडले. मग तोंड दाराच्या चौकटीला घासायला लागली. कान आतून लालबुंद झाले, डोळ्यांभोवतालचे केस गेले, पोटाची कातडी काळी आणि जाड झाली. तिला वास यायला लागला. गल्लीनं लगेच निकाल दिला, खरूज. कुणी म्हणालं, नाल्याचं पाणी पिते, दुसरं काय होणार? देवूनं गंधक लावलं, करंजाचं तेल चोपडलं, कडुनिंबाचा पाला उकळून घातला. चिंचणीच्या किनाऱ्यावर नेऊन समुद्रात बुडवून काढली, आणि बोट लागणारा हा बाप्या तिच्यासाठी कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, कुत्रीची खरूज आमच्या गादीत यायची म्हणून. एक-दोघांनी तिला विष घालायचा सल्लाही दिला. त्यांच्या गाद्या देवूनं तशाच न पिंजता परत पाठवल्या.

मग त्याला एक कल्पना सुचली, आणि ती फक्त गादीवाल्यालाच सुचली असती. तिला जमीन टोचत असेल, म्हणून खाजत असेल, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं तिच्यासाठी गादी भरली. पट्ट्यापट्ट्यांचं कोरं कापड, चारी बाजूंनी दाभणानं घातलेले टाके, आणि आत निवडक जुना कापूस. नवा कापूस टणक असतो, माणसांनी वर्षानुवर्षं वापरून पिंजलेला जुना मऊ, असं त्याचं म्हणणं. मला बोलावून दाखवली. "माई, हात लावून बगा. अशी गादी मी आमदाराला पन दिली नाय."

सावरी त्या गादीवर जीव टाकायची. आणि तिथंच तिचं अंग पेटायचं. ती जितकी खाजवायची तितका देवू ती गादी पुन्हा उसवायचा, पुन्हा पिंजायचा, पुन्हा भरायचा, आणखी मऊ व्हावी म्हणून. दुकानात धूळ ढगासारखी उठायची आणि ही त्याच्या पायाशी बसलेली. त्याच्या मायेनं तिला काय होत होतं हे तेव्हा ना त्याला ठाऊक, ना मला.

शेवटी आम्ही पालघरच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. डॉक्टरांचं बोलणं आपल्याला समजत नाही असं देवूनं ठरवूनच टाकलं होतं. भाजीच्या टेंपोत मागे तो आणि सावरी, पुढे मी, नाकाला पदर लावून. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी कातडी खरवडून काचेवर घेतली, दुर्बिणीतून पाहिली आणि म्हणाले, खरूज नाही. पिसवाही नाहीत. खाण्यातलं काही सोसत नसेल, मासे बंद करून बघा. देवूनं मासे बंद केले. दातिवऱ्याचा माणूस, त्यानं स्वतःचेही बंद केले, कारण तिच्यासमोर खाणं त्याला जमेना. दोन महिने दोघांनी भात आणि दूध खाल्लं. फरक शून्य.

त्याच सुमारास त्याची बहीण पारू हिच्या मुलाचं लग्न निघालं. देवू सावरीला घेऊन दातिवऱ्याला गेला, हळदीपासून पुढे चांगला पंधरवडाभर राहिला. दोघं किनाऱ्यावर वाळूतच निजायचे. परत आला तो हसत. "माई, बगा!" सावरीचे कान गुलाबी, डोळ्यांभोवती बारीक लव उगवलेली. देवू डहाणूच्या महालक्ष्मीला कोंबड्याचा नवस बोलला होता, तो लगेच फेडून आला. आठवडा गेला नाही तोच ती पुन्हा चौकटीला तोंड घासायला लागली. देवूला वाटलं कोंबडा बारका पडला.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कागद बाजूला ठेवला. "तुम्ही काम काय करता?"

"गाद्या भरतो."

 डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. जुन्या गादीत, उशीत, गोधडीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. माणसाच्या अंगावरून झडलेला कोंडा खाऊन जगतात. ते चावत नाहीत. पण त्यांची घाण धुळीत मिसळते आणि ती धूळ एखाद्या कुत्र्याच्या कातडीला सोसत नाही. हे बरं होत नाही, जन्मभर सांभाळावं लागतं.

देवूचा चेहरा एकदम ताठ झाला. "माज्या गादीत किडं?"

"सगळ्यांच्याच गादीत असतात हो. माझ्याही."

"मी येक-येक गादी उन देऊन भरतो, डाक्टर!"

"ऊन दिलं तरी पिंजताना धूळ उडतेच," डॉक्टर म्हणाले. मग त्याच्याकडे नीट बघून विचारलं, "तुम्हीही खोकताय. कधीपासून?"

"माजं सोडा," देवू म्हणाला. "तिचं बगा."

मी तिथं होते. मीसुद्धा म्हटलं नाही, की डॉक्टर, ह्यालाही तपासा. आम्ही कुत्रीसाठी आलो होतो ना.

 परत आल्याबरोबर तो दुकानात शिरला, सावरीची ती गादी उचलली, मागच्या मोकळ्या जागेत नेली आणि जाळली. मग स्वतःची गादी विकून टाकली. त्या दिवसापासून सगळ्या बोईसरला गाद्या भरून देणारा हा माणूस उघड्या फरशीवर निजायला लागला, कारण सावरीला त्याच्या कुशीशिवाय झोप नव्हती. रोज सकाळी फरशी ओल्या फडक्यानं पुसायची. कोरडा झाडू मारायचा नाही, धूळ उडते. फडकी उकळत्या पाण्यात धुवायची. दर आठवड्याला तिला अंघोळ. जुन्या गाद्या दुकानात आणायच्याच नाहीत. तो पिंजण खांद्यावर टाकून गिऱ्हाइकाच्या अंगणात जायचा, तिथंच गादी उसवायचा, पिंजायचा, भरायचा, आणि परत आल्यावर माझ्या गिरणीमागच्या नळाखाली बसून आधी अंघोळ करायचा. सावरी दारात बांधलेली, त्याला बघून उड्या मारायची. तो ओरडायचा, "थांब गो, थांब, अजून मी घान हाय!"

आणि खरोखर फरक पडला. पुरता नाही, पण पडला. ती दुपारभर न खाजवता झोपायची. देवू मला हाताने खुणावून बोलवायचा, झोपलेली सावरी दाखवायला. मी गिरण थांबवून जायची. मला कुत्री आवडत नाहीत, तरी जायची.

पण पावसाळ्यात अंगणं बंद झाली. उघड्यावर काम होईना, आणि काम घेतल्याशिवाय चूल पेटेना. ओला, वास मारणारा कापूस दुकानात आला. सावरीनं महिन्याभरात खाजवून खाजवून स्वतःचं रक्त काढलं. देवूनं तिच्या पंजांना कापडी मोजे शिवले, गादीच्याच पट्ट्यांच्या कापडाचे. खाज मारायच्या गोळ्यांनी ती शांत व्हायची, पण दिवसभर पाणी पीत राहायची आणि सुजल्यासारखी दिसायची. ह्या गोळ्या कायम देता येणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

देवूनं धंदा सोडायचाही प्रयत्न केला. एका कारखान्यात हमालीला गेला, तर खोकला ऐकून मुकादमानं परत पाठवला. दातिवऱ्याला मेव्हण्याच्या होडीवर गेला आणि हिरवा-पिवळा होऊन आला. पारू म्हणाली, दादा, तू राहा, कुत्री नको. तिच्या अंगणात बोंबील सुकत घातलेले, तिचंही चुकलं नाही.

एक दिवस तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. "माई, तुमच्या भावाची माहीमला वाडी हाय ना?"

हाय. माझा भाऊ कृष्णकांत, पालघरजवळच्या माहीमला. पानवेली, केळी, शेणानं सारवलेलं अंगण, समुद्राचा वारा. घरात गाद्या आहेत, पण कुत्र्याला घरात कोण घेतं! मी तिथल्या तिथं हो म्हटलं. देवूनं मान हलवली. मी गिरण सुरू केली. आवाजात माणसाला रडायला बरं पडतं.

सावरी माहीमला बरी झाली. दसऱ्यापर्यंत पोटावर केस आले. देवू दर रविवारी न्हाऊन, धुतलेला सदरा घालून एसटीनं जायचा. तिथपर्यंत ठीक होतं. पण तो निघाला की ती एसटीमागे धावायची. दोन-दोन दिवस अन्नाला तोंड लावायची नाही. कृष्णकांतनं मनात नसताना त्याला सांगितलं, "देवू, तू येऊ नको रे. तू आलास की तिचं परत पहिल्यापासून." देवू जायचा थांबला.

मग एका सकाळी तीच आली. माहीमहून पालघर, पालघरहून बोईसर. पाय सोलवटलेले, जीभ बाहेर. देवूच्या पुढ्यात एक जुनी गादी उसवलेली होती, ती सरळ त्या कापसात शिरली आणि त्याच्या मांडीवर जाऊन पडली. देवूनं तिला मिठी मारली. मी दारातून बघत होते. त्या माणसाला मी इतकं हसताना आणि इतकं रडताना एकाच वेळी कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं मागचा पाय उचलून कान खाजवला.

देवू उठला. तिला मानेला धरून बाहेर काढलं आणि दार आतून लावून घेतलं.

ती दारावर पंजे मारत राहिली. रडत होती, कुत्री रडतात तशी. दाराच्या फटीतून मला त्याचा पाय दिसत होता. तो आत दाराला पाठ लावून बसला होता. "माई," आतून हाक आली, "घेऊन जावा तिला. माज्यानं व्हनार नाय. म्या दार उगडलं तर मी ठेवून घेईन." मी तिला उचललं. आयुष्यात पहिल्यांदा कुत्रं मांडीवर घेतलं, माहीमपर्यंत. माझ्या लुगड्यावर तिचं रक्त लागलं. कृष्णकांतनं पुढे वाडीला कुंपण घातलं.

त्यानंतर देवूनं तिला पाहिलं नाही. मी माहेरी जाऊन आले की तो दारात उभा. "कान?" गुलाबी. "पाय चाटते?" नाही. "जेवते?" जेवते. एवढं ऐकून तो आत जायचा. सगळ्या दुनियेला गाद्या देणाऱ्या माणसाला तिला एक गादी देता येत नव्हती. मग त्यानं काथ्याच्या दोरीची एक ठेंगणी बाज विणली, कापसाचा धागासुद्धा नसलेली, आणि माझ्याबरोबर पाठवली. सावरीनं ती हुंगली आणि बाजेवर चढून बसली, ती उतरेना. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "वास लागला आसंल माजा." आणि अजून फरशीवरच निजायचा. म्हटलं, "अरे, आता ती नाय ना इथं. गादी घे." तर म्हणाला, "आली परत तर?"

वर्षं गेली. खोकला वाढत गेला. तपासलं तेव्हा छातीत काही उरलं नव्हतं. कापसाची धूळ, डॉक्टर म्हणाले. सावरीला ज्या धुळीतून त्यानं बाहेर काढलं, त्याच धुळीत तो बसून राहिला होता. आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, नुसतं नाकाला फडकं बांध म्हणत राहिलो. मला अजून राग येतो. कुणाचा ते कळत नाही.

शेवटच्या दिवसांत पारू आली. तिनं भावाला फरशीवर बघून हाय खाल्ली आणि दुकानातल्या एका जाड गादीवर निजवलं. कुणीतरी पिंजायला टाकून कधी न्यायला न आलेली जुनी गादी होती ती. देवूला बोलवत नव्हतं. सावरीचं नाव त्यानं काढलं नाही. मीच कृष्णकांतला निरोप पाठवला.

दुपारी तो सावरीला घेऊन आला. ती म्हातारी झाली होती, मागचे पाय ओढत होती. पण दारातच थांबली, नाक वर केलं आणि ओळखलं. शेपटी अशी हलायला लागली की अख्खं अंग डुलत होतं. देवूनं मान वळवली. आणि ती गादीकडे निघालेली पाहून त्यानं माझा हात धरला.

"माई, मला खाली घ्या."

पारू ओरडली, "दादा! आसं बोलू नये. जीव हाय तवर खाली नाय घेत!"

"ती वर चढंल," देवू म्हणाला. एकेक शब्दाला दम लागत होता. "गादी जुनी हाय. खाजंल तिला."

पारू माझ्याकडे बघून मान हलवत होती, नको, नको. मी कृष्णकांतला म्हटलं, कुत्री धर. बादली घेतली, फडकं भिजवलं, आणि त्याच्या बाजूची फरशी पुसून काढली, तो पुसायचा तशी, कोपऱ्यापासून. तो बघत होता.

"पुसली?"

"पुसली रे."

मग मी त्याच्या बगलेत हात घातले आणि त्याला खाली घेतलं. पारूनं तोंडावर पदर घेतला. कृष्णकांतनं सावरीला सोडलं. ती आली आणि जुन्या सवयीनं त्याच्या कुशीत शिरून पडली. देवूनं बोटांनी तिचा कान उलटा केला आणि आत पाहिलं. स्वच्छ, गुलाबी.

"बरी हाय," तो म्हणाला.

दिवेलागणीच्या आधी तो गेला. लोक म्हणतात, माईनं खाली घेतलं म्हणून. म्हणू देत. मी तिथंच भिंतीला टेकून बसले होते, सगळी दुपार. सावरी त्याच्या छातीवर तोंड ठेवून झोपली होती, आणि तिनं एकदाही अंग खाजवलं नाही.